ग्राहक सेवेच्या फोनवर प्रत्यक्ष माणूस कसा गाठावा?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझी आई वाईजवळच्या आमच्या गावी एकटी राहते आणि तिचे कुटुंब निवृत्तिवेतन एका मोठ्या बँकेच्या खात्यात जमा होते. गेल्या वर्षापासून तिच्या पासबुकात दर तिमाहीला एक रक्कम वजा झालेली दिसते आहे. नोंदीसमोर इंग्रजी अक्षरांचे एक आखूड संक्षिप्त रूप छापलेले असते आणि त्यावरून कशाचाही बोध होत नाही. शाखेत विचारले तेव्हा ‘हे आमच्याकडून झालेले नाही, कस्टमर केअरला फोन करा’ असे सांगून तिला परत पाठवले.

कस्टमर केअरचा अनुभव असा आहे. भाषा निवडली की खाते, कार्ड, कर्ज असे पर्याय येतात. खात्याचा पर्याय दाबला की ध्वनिमुद्रित आवाज खाते क्रमांक विचारतो आणि त्यानंतर नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टंकायला सांगतो. नोंदणीकृत मोबाइल माझ्या वडिलांचा होता आणि त्यांच्या निधनानंतर तो बंद झाला आहे. ओटीपी देता आला नाही की ‘आपण दिलेली माहिती बरोबर नाही’ असे ऐकू येते आणि पुन्हा मुख्य मेन्यू सुरू होतो. पूर्वी ‘प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा’ असे शेवटी सांगितले जात असे, आता ते वाक्यच काढून टाकलेले आहे. काहीच दाबले नाही, तर आभार मानून फोन तोडला जातो.

आई स्वतः प्रयत्न करते तेव्हा आणखी एक अडचण येते. फोन कानाला लावला की पडदा काळा होतो, अंक दाबण्यासाठी तो कानापासून दूर घ्यावा लागतो, अंक शोधेपर्यंत पुढची सूचना अर्धी निघून जाते आणि ‘आम्हाला आपला प्रतिसाद मिळाला नाही’ असे वाक्य येते. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे, तिला आकड्यांची भीती नाही. तरीही या फोननंतर ती ज्या थकल्या आवाजात मला कळवते, तो आवाज ऐकून मला फार वाईट वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. या यंत्रणेतून प्रत्यक्ष माणसापर्यंत पोहोचण्याचा काही भरवशाचा मार्ग आहे का? आणि ग्राहकाला माणसाशी बोलू दिलेच पाहिजे, असा काही नियम आपल्याकडे आहे का? मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि आईच्या वतीने फोन मीच करणार आहे, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

---

तिसरा प्रहर :

मी ऐरोलीतील एका कॉल सेंटरमध्ये बरीच वर्षे काम केले आणि त्यातला काही काळ फोनचे हे मेन्यू आखणाऱ्या गटात होतो. त्यामुळे आतली बाजू आधी सांगतो, कारण ती कळली की कुठे काय करावे हे आपोआप लक्षात येते.

या यंत्रणेचे यश एका आकड्यात मोजले जाते : शंभर फोन आले, तर त्यांतले किती फोन माणसापर्यंत न जाता आतल्या आतच संपले. हा आकडा दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर येतो आणि तो वाढला की सर्वांना समाधान वाटते. मात्र शिल्लक रक्कम कळल्यामुळे समाधानाने ठेवलेला फोन आणि कंटाळून ठेवलेला फोन यांत तो आकडा स्वतःहून फरक करत नाही. प्रतिनिधीचा पर्याय आधी शेवटी ढकलला जातो, मग दुसऱ्या पातळीवर नेला जातो आणि पुढे तो बोलून दाखवणेही बंद होते, ते यामुळे. पुष्कळदा पर्याय आत जिवंत असतो, केवळ त्याची घोषणा काढलेली असते. म्हणून घोषणा नसली तरी नऊ, शून्य आणि स्टार ही तीन बटणे प्रत्येक पातळीवर एकदा दाबून पाहावीत.

माणसे कमी ठेवण्याचा परिणाम किती होतो, याचे गणितही जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ आणि १९१७ मध्ये यावर जे लेख लिहिले, त्यांतल्या सूत्रांवर आजही कॉल सेंटरची पाळीपत्रके बनतात. त्यांचा गाभा असा की सर्व प्रतिनिधी जवळजवळ सतत गुंतलेले असतील, तर आणखी थोडी माणसे कमी करताच प्रतीक्षा थोडी न वाढता कित्येक पटींनी वाढते. फोन केव्हा करावा याचे उत्तर यातूनच निघते. सोमवारची सकाळ, जोडून आलेल्या सुट्यांनंतरचा पहिला दिवस आणि पगार व निवृत्तिवेतन जमा होण्याचे महिन्याच्या सुरुवातीचे दिवस टाळावेत. महिन्याच्या मध्यावर, बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी केलेला फोन सहसा लवकर लागतो. भाषेप्रमाणे रांगाही वेगळ्या असतात. मराठीची रांग फार वेळ हलत नसेल, तर हिंदी निवडून पाहावे, मात्र आई स्वतः बोलणार असतील तर त्यांना सोयीची भाषा सोडू नये.

आता तुमच्या ओटीपीच्या फेऱ्याविषयी. तुम्ही ‘माझ्या खात्याची माहिती’ या फांदीवर जात आहात आणि त्या फांदीवर ओळख पटल्याखेरीज यंत्र पुढे सोडतच नाही. त्याऐवजी जिथे ओळख मागितली जात नाही अशी फांदी निवडा. बहुतेक मेन्यूंमध्ये ‘आपण आमचे ग्राहक नसाल तर’, ‘तक्रार नोंदवण्यासाठी’ किंवा ‘आधीच्या तक्रारीची स्थिती जाणून घेण्यासाठी’ असा एखादा पर्याय असतो. तिथे माणूस भेटला की मोबाइल बंद असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. प्रतिनिधीकडे ओटीपीशिवाय ओळख पटवण्याचे प्रश्न असतात : जन्मतारीख, वारसदाराचे नाव, अलीकडचा एखादा व्यवहार. त्यासाठी पासबुक समोर उघडे ठेवा आणि आईंना त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून जोडून घ्या, कारण खातेदार स्वतः बोलल्याशिवाय प्रतिनिधीने काही सांगणे नियमात बसत नाही. तो नकार देतो तेव्हा खातेदाराचे रक्षणच करत असतो.

दोन वाटा मी मुद्दाम टाळायला सांगेन. नवे कर्ज किंवा नवे कार्ड हवे असल्याचा पर्याय दाबला की माणूस लगेच भेटतो, हे खरे आहे. पण तो विक्री विभागाचा असतो, त्याला तुमचे खाते दिसत नाही, आणि तो फोन पुढे पाठवतो तेव्हा तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाता. दुसरी वाट म्हणजे कार्ड हरवल्याचा किंवा फसवणुकीचा पर्याय. ती रांग सर्वांत लवकर उचलली जाते, म्हणून अनेक जण ती वापरण्याचा सल्ला देतात. मी त्या रांगेवर बसलेलो आहे. पलीकडे एखाद्याचे पैसे त्या क्षणी खात्यातून जात असतात आणि आपण कुणा दुसऱ्याला चेकबुकची माहिती देत असतो, हे फार त्रासदायक असते. कृपया ती वाट खऱ्या गरजेखेरीज वापरू नये.

काळ्या पडद्यासाठी उपाय सोपा आहे. फोन लागताच स्पीकर सुरू करावा, फोन टेबलावर ठेवावा आणि अंकांचा फलक उघडून ठेवावा. घरी जुना लँडलाइन फोन असेल आणि यंत्र ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असेच म्हणत राहिले, तर तो फोन पल्सवर, म्हणजे अंक खटक्यांनी पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालतो आहे असे समजावे. या यंत्रांना टोन, म्हणजे बटणाचा सूरच, कळतो. फोनच्या कडेला पल्स व टोनची खिट्टी असते ती सरकवावी, नाहीतर पुष्कळशा संचांवर फोन लागल्यानंतर स्टार दाबला तरी तेवढ्यापुरता टोन सुरू होतो. स्मार्टफोनवर आणखी एक सोय आहे. क्रमांक साठवताना त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन दाबायचे अंक लिहिले, तर फोन प्रत्येक स्वल्पविरामाला साधारण दोन सेकंद थांबून ते अंक स्वतःच पाठवतो. एकदा मार्ग सापडला की तो असा साठवून आईंच्या फोनमध्ये ठेवता येतो. बँकेने मेन्यू बदलला की मात्र तो पुन्हा शोधावा लागेल.

माणूस भेटल्यावर नाव, तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक या चार गोष्टी लिहून घ्या. तक्रार क्रमांक सांगताना टाळाटाळ झाली, तर ‘क्रमांक मिळेपर्यंत मी थांबतो’ असे शांतपणे सांगा. प्रतिनिधीच्या प्रत्येक फोनचा कालावधी मोजला जात असतो, त्यामुळे अडचण दोन वाक्यांत सांगणारा ग्राहक त्याला हवाहवासा वाटतो आणि त्याचे काम तो मनापासून करतो. मेन्यू त्याने आखलेला नसतो, तेव्हा त्याचा राग त्याच्यावर काढू नये, एवढी माझी विनंती आहे.

---

निवृत्त शाखाधिकारी :

वरील प्रतिसाद उत्तम आहे आणि त्यातले बरेचसे मलाही नवे आहे. परंतु तुमच्या आईंच्या बाबतीत फोन हा दुय्यम मार्ग आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. प्रतिनिधी भेटला तरी तो बंद मोबाइल क्रमांक फोनवरून बदलून देणार नाही, आणि तो बदलेपर्यंत प्रत्येक वेळी तुम्ही याच ठिकाणी येऊन अडकाल.

क्रमांक बदलण्याची घाई करण्याचे आणखी एक गंभीर कारण आहे. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या आईंच्या खात्याचे संदेश आणि ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. त्यामुळे हे काम वजावटीच्या चौकशीच्याही आधी करावे. आधार, पॅन आणि पासबुक घेऊन शाखेत जावे, मोबाइल बदलण्याचा अर्ज भरावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी.

त्याच वेळी दुसरा अर्ज द्यावा. वजा झालेल्या प्रत्येक रकमेची तारीख लिहून ती कोणत्या कारणासाठी, कोणाच्या खात्यात आणि कोणाच्या संमतीने वजा झाली याची लेखी माहिती मागावी. तिमाहीची वजावट अनेकदा एसएमएस सूचनांच्या शुल्काची असते. तसे असेल तर बंद क्रमांकावर गेलेल्या संदेशांचे शुल्क तुमच्या आईंनी का द्यावे, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ती विम्याच्या हप्त्याची किंवा अन्य कंपनीची असेल, तर त्या संमतीपत्राची प्रत मागावी. ‘हे आमच्याकडून झालेले नाही’ हे तोंडी उत्तर देणे सोपे असते, लेखी देताना मात्र शाखेला नोंद उघडून पाहावीच लागते. मी काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले आहे आणि आवक शिक्क्याने कामाला येणारी गती मी रोज पाहिलेली आहे.

लेखी मागण्याचे खरे महत्त्व पुढच्या पायरीवर कळते. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. तिच्यानुसार आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. या योजनेत ‘लेखी तक्रार’ या शब्दांच्या अर्थात अशा अन्य मार्गांनी केलेली तक्रारही धरली आहे, जिचा पुरावा तक्रारदार दाखवू शकतो. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या असे जे वर सांगितले आहे, त्याचे मोल इथे आहे. ज्या फोनचा क्रमांक नाही, तो फोन झालाच नाही असे धरून चालावे.

शाखा आणि लोकपाल यांच्या मधला टप्पाही वापरावा. बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर नोडल अधिकाऱ्याचे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे, नाव, ईमेल आणि दूरध्वनी दिलेला असतो. त्या क्रमांकाला बहुधा मेन्यू नसतो, थेट कार्यालयातला माणूस फोन उचलतो. मात्र आधीचा तक्रार क्रमांक हाताशी नसेल, तर तो तुम्हाला पहिल्या पायरीवर परत पाठवील.

लोकपालाविषयी चौकशी करायची असेल, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे. तिथेही सुरुवातीला ध्वनिमुद्रित आवाजच येतो, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री १० या वेळेत माणसाशी बोलता येते आणि मराठीची सोय आहे. ज्यांना संगणक वापरणे जमत नाही, त्यांना चंडीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीकृत तक्रार केंद्राकडे टपालानेही तक्रार पाठवता येते, आणि ती आपल्या भाषेत लिहिलेली चालते. २०२१ च्या योजनेत मूळ नुकसानीखेरीज तक्रारदाराचा वेळ, खर्च आणि मनस्ताप यांसाठी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला दिलेला आहे. म्हणून फोनवर गेलेल्या वेळेची नोंद ठेवणे व्यर्थ नसते.

---

कृष्णाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. बंद क्रमांक दुसऱ्याला दिला जाऊ शकतो ही गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती, त्यामुळे या आठवड्यातच आईला घेऊन शाखेत जात आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली. इंटरनेटवर बँकेचे नाव आणि ‘कस्टमर केअर’ असे शोधले, तेव्हा एक साधा दहा अंकी मोबाइल क्रमांकही सापडला. त्यावर फोन केला, तर पहिल्याच घंटेला एका माणसाने उचलला. तो अत्यंत नम्रपणे बोलला, आईचे वय विचारले आणि मदतीसाठी फोनमध्ये एक अॅप घ्यायला सांगितले. मला शंका आली म्हणून मी फोन ठेवला. बँकेचे असे वेगळे मदत क्रमांक असतात का?

---

रानजाई :

नसतात. फोन ठेवलात हे फार बरे केले. कृपया तो क्रमांक आईंच्या फोनमधूनही काढून टाका आणि त्याच क्रमांकावरून उलट फोन आला तर उचलू नका.

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ गृहस्थांची निवृत्तीची बरीचशी पुंजी अशाच फोनमध्ये गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. यंत्राने तासभर फिरवलेला माणूस पहिल्या जिवंत आवाजावर विश्वास ठेवायला तयार झालेला असतो, हे या टोळ्यांना नेमके ठाऊक असते. नकाशांवरच्या नोंदींत फेरफार करून, जाहिराती देऊन किंवा बनावट पाने तयार करून ते आपले क्रमांक बँक, गॅस एजन्सी, कुरिअर, विमान कंपनी अशा नावांखाली पेरून ठेवतात. त्यांच्याकडे मेन्यू नसतो, प्रतीक्षा नसते, आणि बोलणारा आदराने ‘काका’, ‘मावशी’ म्हणतो. जे अॅप घ्यायला सांगितले जाते, त्यातून आपल्या फोनचा पडदा त्यांना दिसू लागतो आणि ओटीपी वेगळा विचारावाच लागत नाही.

त्यामुळे क्रमांक फक्त तीन ठिकाणांहून घ्यावा : पासबुकाचे पान, कार्डाची मागची बाजू, किंवा बँकेचे स्वतःचे संकेतस्थळ. संकेतस्थळ खरे आहे की नाही हे ओळखणे आता थोडे सोपे झाले आहे, कारण सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे करावेत असा रिझर्व्ह बँकेने आदेश दिला होता. बँकेकडून सेवेसंबंधी येणाऱ्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी आणि जाहिरातींच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी क्रमांकमाला ठरवून दिलेली आहे. साध्या दहा अंकी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतो’ असे कोणी म्हणाले, तर बोलणे तिथेच संपवावे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी अशा माणसाला माहिती देऊन बसले असेल, तर त्यांनी खऱ्या बँकेच्या माणसाची वाट पाहत रांगेत थांबू नये. तेवढ्यापुरते यंत्रच अधिक उपयोगी असते, कारण कार्ड किंवा खाते बंद करण्याचा पर्याय दिवसरात्र चालू असतो आणि तो माणसाशिवाय पूर्ण होतो. आधी तो दाबावा, मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत असतात, त्यामुळे पहिल्या तासाला फार महत्त्व असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर तोट्याची जबाबदारी येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याच्याच माथी बसतो, मात्र कळवल्यानंतरचा बँकेवर जातो. म्हणून कळवल्याची वेळ मिनिटांसह लिहून ठेवावी.

---

पायवाट :

मूळ प्रश्नातला दुसरा भाग, म्हणजे नियमाचा, थोडा मागे पडला आहे म्हणून लिहितो.

दूरसंचार क्षेत्रापुरता असा मापदंड स्पष्ट शब्दांत आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या सेवा दर्जाच्या नियमांप्रमाणे प्रतिनिधीने घ्यायच्या फोनपैकी किमान ९५ टक्के फोन ९० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि निकाल मान्य नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. मोबाइल कंपनीशी वाद असेल, तेव्हा डॉकेट क्रमांक हा शब्द आवर्जून वापरावा. तो ऐकला की समोरच्याला कळते की हा ग्राहक पुढची पायरी जाणतो.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात ती निकाली काढणे आवश्यक आहे. अॅपमधल्या चॅटवर यंत्र तीच तीच उत्तरे देत राहिले, की त्या अधिकाऱ्याला थेट ईमेल लिहावा. त्यानेही काही झाले नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

चांगले उदाहरणही नोंदवले पाहिजे. रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर मेन्यू असूनही स्टार दाबला की थेट प्रतिनिधी मिळण्याची सोय ठेवलेली आहे. देशभरातून इतके प्रवासी फोन करतात, गाडी चालू असताना करतात, आणि तरीही तिथे माणसाकडे जाणारे एक बटण उघडपणे ठेवता येते. मग बँकांना आणि विमा कंपन्यांना ते का ठेवता येऊ नये, हा प्रश्न ग्राहक संघटनांनी सातत्याने लावून धरला पाहिजे असे मला तळमळीने वाटते.

---

दूरस्थ :

मी टोरांटोजवळ राहते आणि पुण्यातल्या खात्यासाठी मला अशाच फोनांना तोंड द्यावे लागते, म्हणून परदेशी असलेल्यांसाठी एवढेच सांगते की १८०० ने सुरू होणारे टोल फ्री क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. बँकेच्या संकेतस्थळावर अनिवासी भारतीयांच्या विभागात ९१ ने सुरू होणारा वेगळा क्रमांक असतो. तो विनाशुल्क नसतो, पण तिथली रांग मला नेहमी छोटी आढळली आहे. भारतातल्यांनीही १८६० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना शुल्क पडते हे ध्यानात ठेवावे. पुष्कळदा त्याच कंपनीचा १८०० चा क्रमांकही असतो.

अमेरिकेत पॉल इंग्लिश नावाच्या उद्योजकाने २००५ मध्ये कोणत्या कंपनीत कोणती बटणे दाबली की माणूस भेटतो याची यादीच प्रसिद्ध केली होती आणि तिचा पुढे ‘गेट ह्युमन’ नावाचा उपक्रम झाला. आपल्याकडे मराठीत अशी यादी या धाग्याखाली करता येईल. मात्र प्रत्येकाने बटणांच्या क्रमासोबत तारीख लिहावी, आणि क्रमांक स्वतःच्या पासबुकावरून किंवा कार्डावरून घेतलेला असेल तरच लिहावा.

---

कृष्णाकाठ :

सर्वांचा ऋणी आहे. शेवटची शंका निवृत्त शाखाधिकारी यांच्यासाठी. शाखेने दुसऱ्या प्रतीवर शिक्का द्यायला नकार दिला, तर काय करावे? आणि पुढे लोकपालाकडे जायची वेळ आली, तर आईच्या वतीने मी तक्रार करू शकतो का, की त्यासाठी वकील लागेल?

---

निवृत्त शाखाधिकारी :

वकील लागत नाही. उलट त्या योजनेत तक्रारदाराचा प्रतिनिधी म्हणून वकील चालत नाही. आईंनी सही करून तुम्हाला लेखी अधिकार दिला, की त्यांच्या वतीने तुम्ही तक्रार दाखल करू शकता. तो अधिकारपत्राचा कागद आताच करून ठेवा, कारण बँकेशी पत्रव्यवहार करतानाही तो उपयोगी पडेल.

शिक्का नाकारला तर वाद घालू नये. तेच दोन्ही अर्ज त्याच दिवशी टपालाने शाखा व्यवस्थापकांच्या नावे पाठवावेत आणि एक प्रत नोडल अधिकाऱ्याला ईमेलने धाडावी. पूर्वी आपण यासाठी रजिस्टर्ड टपाल वापरत होतो. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा टपाल कार्यालयात स्पीड पोस्ट मागावे आणि पोचपावतीची सोय सांगून घ्यावी. पत्र पोहोचल्याची तारीख मिळाली की तुमचे ३० दिवस तिथून मोजायचे.

पत्राच्या शेवटी पुढील मजकूर जरूर घाला : ‘माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बंद असल्यामुळे आपल्या दूरध्वनी सेवेवर मला ओळख पटवता येत नाही आणि प्रतिनिधीशी बोलण्याचा पर्याय उपलब्ध होत नाही. त्यामुळे ही तक्रार लेखी देत आहे. तिचा क्रमांक आणि तक्रार हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचा थेट दूरध्वनी मला टपालाने कळवावा.’ त्याखाली आईंची सही आणि गावाचा पूर्ण पत्ता असावा, तुमचा मोबाइल क्रमांक केवळ संपर्कासाठी म्हणून वेगळा लिहावा.